पोट लहान झाले. पण आत काय बदलले?

सकाळी साडेसहाच्या सुमारास देहू ते तळवडे रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा नीट पाहा. कुणी चाकणला निघालेला, कुणी महाळुंग्याला, कुणी रात्रपाळी संपवून परत आलेला. पुष्कळांचे हातपाय बारीक आहेत, चेहरा ओढलेला आहे. पण पट्ट्याच्या वर पोट मात्र पुढे आले आहे. त्यांच्यातच एखादा शंभरी ओलांडलेला बांधवही असतो. बसची पायरी चढताना त्याला धाप लागते, आणि मागून कुणीतरी म्हणतेच, “अरे, जरा कमी खात जा!” सगळे हसतात. तोही हसतो. घरी गेल्यावर मात्र तो आरशासमोर हसत नाही.

आपल्या वस्तीतल्या कितीतरी भगिनींची हीच गत आहे. वजन वाढले, साखर वाढली, गुडघे दुखू लागले. सासूबाई म्हणतात, “बसून खाते.” नणंद म्हणते, “भात सोड.” आणि मग कुणीतरी सांगते, “आता पोटाचे ऑपरेशन निघाले आहे, पोट लहान करतात, वजन आपोआप उतरते.” खर्च काही लाखांचा. भिशी मोडावी का, दागिने गहाण ठेवावेत का, पीएफ काढावा का, अशी चर्चा घरात सुरू होते. अशा घरांसाठी आजचा हा लेख आहे. पोट लहान केल्यावर शरीराच्या आतल्या कारभारात नेमके काय बदलते आणि त्या बदलाची किंमत काय, हे समजून घेतल्यावाचून कुणीही सहीचा अंगठा उठवू नये.

दोष कुणाचा?

संयुत्त निकायात कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची एक हकीकत आहे. राजा द्रोणभर भात खात असे. एकदा तो तुडुंब जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याची चेष्टा केली नाही. भोजनात मात्रा ओळखणाऱ्याला काय लाभ होतो, एवढेच त्यांनी सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करावयास लावला आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणण्यास नेमले. हळूहळू राजाचे खाणे कमी झाले, अंग हलके झाले. यात एक गोष्ट लक्षात घ्या. राजासारख्या राजालाही केवळ मनाच्या निर्धारावर जमले नाही. रोज आठवण देणारा माणूस लागला. मग बारा तास उभे राहून, ओव्हरटाइम करून, वडापाव आणि साखरेच्या चहावर दिवस काढणाऱ्या कामगाराला “मनावर घे” एवढे सांगून कसे भागेल?

मधुमेह हा आळशी माणसाचा आजार, असे म्हणणारेही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते, पाय साथ देत नव्हते. तरी १९५६ पर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही. आजार हा आजार असतो. तो चारित्र्याचा दाखला नव्हे.

पुण्याने जगाला दाखवलेला फोटो

बारीक हातपाय आणि पुढे आलेले पोट हा काय प्रकार आहे, याचा शोध आपल्या पुण्यातच लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन येथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन साडेतीन किलो, तर आपल्या बाळांचे सुमारे २.७ किलो. बाळ लहान, स्नायू कमी; पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. “बारीक पण चरबीदार” असे हे भारतीय बाळ. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी असे बाळ जन्मते आणि पुढे शहरात येऊन पोटभर खाऊ लागले की मधुमेहाच्या वाटेला लागते.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून आपल्या लोकांसाठी मापे कडक धरतात. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

हिशेब सोपा आहे. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरने दोनदा भागा. उंची १.६५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट पाच इंच, आणि वजन १०० किलो असेल तर निर्देशांक येतो ३६.७.

शरीरातले कारागीर

आता मूळ विषयाकडे येऊ. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुले विकरे शिकतात. डॉक्टर त्यांनाच एन्झाइम म्हणतात. कारखान्यात जसा प्रत्येक मशीनवर एक कारागीर असतो, तसे शरीरात प्रत्येक कामाला एक विकर असते. भाकरीतला पिष्टमय पदार्थ तोडून साखर करणारे वेगळे, मांस-डाळीतली प्रथिने तोडणारे वेगळे, तेल-तूप फोडणारे वेगळे. अन्न पचवणे, साठवणे, जाळणे या साऱ्या कारभाराला चयापचय म्हणतात. कुणी कधी काम करायचे याचा हुकूम देणारे सुपरवायझर म्हणजे संप्रेरके, अर्थात हार्मोन. इन्शुलिन हे त्यांतलेच एक.

लठ्ठपणात हा कारभार बिघडतो. पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साचली की इन्शुलिनचा हुकूम पेशी नीट ऐकत नाहीत. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन ओतते, शेवटी थकते, आणि रक्तात साखर साचते. यकृतातही चरबी भरते. तिथल्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली विकरे रक्तात गळू लागतात. रक्ताच्या रिपोर्टवर आपण ‘एसजीपीटी’, ‘एसजीओटी’ आणि ‘जीजीटी’ ही नावे वाचतो, ती याच विकरांची. दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या भगिनीचा एसजीपीटी वाढलेला दिसला, तर बहुधा यकृतातली चरबी हेच त्याचे कारण असते.

आणखी एक विकर आहे, लायपोप्रोटीन लायपेज. रक्तातली चरबी उचलून चरबीच्या पेशीत भरणारा हा हमाल. १९९० साली अमेरिकेत डॉ. फिलिप कर्न यांच्या पथकाने नऊ अतिलठ्ठ माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपासमारीसारखा आहार ठेवून त्यांनी सरासरी ४२ किलोंहून अधिक वजन घटवले. मग वजन स्थिरावल्यावर तपासले, तर चरबी भरणाऱ्या या विकराचे काम कमी होण्याऐवजी वाढलेलेच आढळले. जो मुळात अधिक लठ्ठ, त्याच्यात अधिक वाढलेले. म्हणजे माणूस बारीक झाला तरी शरीर गमावलेली चरबी परत मिळवण्यासाठी आतून टपलेले असते. २०१६ साली अमेरिकेतील डॉ. केविन हॉल यांनी दूरदर्शनवरील वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते; तरीही त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. “डाएट केले, उतरले, पुन्हा वाढले” असे सांगणारी ताई खोटे बोलत नाही. तिचे शरीरच तिच्याशी झुंजत असते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

मुख्य पद्धती दोन. पहिलीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी ठेवतात. तिला ‘स्लीव्ह’ म्हणतात. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते. हा ‘बायपास’. त्याचा पाया १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी घातला.

सुरुवातीला सर्वांना वाटे, पोट लहान, म्हणून खाणे कमी, म्हणून वजन कमी. हिशेब संपला. पण रुग्णांनी डॉक्टरांना चकित केले. अमेरिकेतील डॉ. वॉल्टर पोरिस यांनी १९९५ साली बायपास केलेल्या ६०८ रुग्णांचा चौदा वर्षांचा लेखाजोखा मांडला. ज्यांना मधुमेह होता त्यांतील ८३ टक्के लोकांची साखर ताळ्यावर आली होती. नवल म्हणजे साखर काही दिवसांतच उतरू लागत असे, वजन फारसे घटण्यापूर्वीच! मग हे काम केवळ लहान पोटाचे नव्हते.

गुपित आतड्यात होते. बायपासनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते. तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सोडतात. हे संप्रेरक स्वादुपिंडाला सांगते, “इन्शुलिन सोड”, आणि मेंदूला सांगते, “पोट भरले.” स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, तिथेच भुकेचे संप्रेरक घ्रेलिन बनते, तेही कमी होते. त्यामुळे शस्त्रक्रिया झालेला माणूस निर्धाराने उपाशी राहत नाही. त्याची भूकच मंदावते.

या जीएलपी-१ चा वैरी एक विकरच आहे, त्याचे नाव डीपीपी-४. तो या संप्रेरकाचे एक-दोन मिनिटांत तुकडे करतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन अशा नावांच्या साखरेच्या गोळ्या असतील. त्या गोळ्या याच विकराचे हात बांधतात. २०२५ साली भारतात आलेली वजन घटवण्याची टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनेही याच वाटेने चालतात. ती आतड्याच्या संप्रेरकाची नक्कल आहेत आणि डीपीपी-४ ला सहजी दाद देत नाहीत.

पुण्यातही यावर काम झाले. डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली बायपास केलेल्या १५ मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण फार लठ्ठ नव्हते; निर्देशांक २२ ते ३५ मधला. बहुतेकांना इन्शुलिन लागत होते. तीन महिन्यांत सर्वांची मधुमेहाची औषधे सुटली. पण रुग्ण अवघे १५ आणि पाहणी काही महिन्यांचीच, हेही लक्षात ठेवावे.

कारण काळ जातो तसे चित्र बदलते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १५० मधुमेही रुग्णांवर झालेली पाहणी प्रसिद्ध आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ टक्क्यांवर किंवा खाली आणण्यात पहिल्या वर्षी केवळ औषधांनी १२ टक्के, बायपासने ४२ टक्के आणि स्लीव्हने ३७ टक्के लोकांना यश आले. पाच वर्षांनी हेच आकडे ५, २९ आणि २३ टक्के झाले. स्वीडनमधील मोठ्या पाहणीत दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटला होता. दहा वर्षांनी ३६ टक्क्यांचाच हटलेला राहिला. शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरली, यात शंका नाही. पण ती कायमची सुटका नव्हे.

यकृताचीही स्थिती सुधारते. चरबी उतरते, इन्शुलिनचा हुकूम पुन्हा ऐकू जातो, एसजीपीटी आणि जीजीटी खाली येतात. मात्र वजन झपाट्याने उतरत असताना पहिल्या काही महिन्यांत हे आकडे थोडे वरही जाऊ शकतात. घाबरून जाऊ नये. पण तपासणी चुकवू नये. याच काळात पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर काही महिने गोळ्या देतात. त्या पूर्ण घ्याव्यात.

दुसरी बाजू

विकर एकटे काम करत नाही. पुष्कळ विकरांना जीवनसत्त्वाचा किंवा खनिजाचा हात लागतो, जसा कारागिराला पाना लागतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे कमी, शोषण कमी. पाना हरवला की कारागीर हात चोळत बसतो.

सर्वांत तातडीचा धोका बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा आहे. साखर जाळणाऱ्या विकरांना ते लागतेच, आणि शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. शस्त्रक्रियेनंतर कुणाला सतत उलट्या होऊ लागल्या की घरचे लोक जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथे अशक्तपणा पाहून ग्लुकोजचे सलाईन लावतात. बी-१ संपलेल्या शरीरात नुसते ग्लुकोज गेले की उरलेसुरले बी-१ ही खर्ची पडते. मग नजर दुहेरी होणे, तोल जाणे, भ्रम होणे, पाय बधिर होणे अशी मज्जासंस्थेची कायमची हानी होऊ शकते. म्हणून घरातल्या प्रत्येकाने हे पाठ करावे: “डॉक्टरसाहेब, यांचे वजनाचे ऑपरेशन झाले आहे, ग्लुकोजच्या आधी बी-१ द्या.” हे एक वाक्य माणूस वाचवू शकते.

बी-१२ चे तसे नाही. त्याचा साठा यकृतात वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. बहुधा गोळ्या कंटाळून सोडल्यानंतर. अन्नातले बी-१२ सोडवायला जठरातले आम्ल लागते आणि आतड्यात ते शोषायला जठरानेच बनवलेला एक घटक लागतो. जठरच काढले किंवा टाळले, तर ते येणार कुठून? मुंग्या येणे, विसरभोळेपणा, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. पाळी येणाऱ्या भगिनींना लोहाची उणीव लवकर भासते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही जन्मभर घ्यावे लागते. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. त्याच्या जोडीला मासळी, डाळ, सोयाबीन, दही यांचा आधार घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून दुसरा उपाय करावा.

दारूविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जठरात अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचे विकर असते. ते दारूचा काही भाग रक्तात जाण्याआधीच मोडते. बायपासनंतर दारू त्याला बगल देऊन थेट आतड्यात उतरते. पूर्वीच्या निम्म्यावर आता झिंग येते, आणि झपाट्याने येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत बायपासनंतर दुसऱ्या वर्षी दारूचे व्यसन जडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. ज्या घराने कर्ज काढून बाप वाचवला, त्या घराने तो बाटलीला गमावू नये.

बायपास झालेल्याने अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जोडाच्या जागी अल्सर होतो. विडी, सिगारेटनेही तेच होते. इन्शुलिन आणि साखरेच्या काही गोळ्यांचा डोस शस्त्रक्रियेनंतर लगेच घटवावा लागतो, नाहीतर साखर धोक्याइतकी उतरते. गोड, पातळ पदार्थ भरभर घेतले की ते आतड्यात धडकतात आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात.

निर्णय घेण्यापूर्वी

भारतीय रुग्णांसाठी अनेक वर्षे मानलेली मर्यादा अशी: निर्देशांक ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर. २०२२ साली आंतरराष्ट्रीय शल्यवैद्यकांच्या संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार करावा असे सुचवले. पण आकडा म्हणजे आज्ञा नव्हे. अनेकांना आहार, चालणे आणि औषधे यांनी पुरेसा गुण येतो. वजन पाच-सात टक्के उतरले तरी साखर आणि यकृत दोन्हीला फरक पडतो.

पैशांविषयी. २०१९ साली विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेल्या अटींप्रमाणे, निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असेल, तर आरोग्य विम्यातून हा खर्च मागता येतो. कंपनीची पॉलिसी असेल तर तिची प्रत एचआरकडून मागून वाचा. ईएसआय कापली जात असेल तर आधी चिंचवडच्या मोहननगरातील ईएसआय रुग्णालयात चौकशी करा. सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी ही दोन दारे ठोठवा.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या? वर्षाला तपासण्या आणि जीवनसत्त्वांचा खर्च किती? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा? आणि शस्त्रक्रिया न करता माझ्यापुढे दुसरा मार्ग कोणता? जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, त्याच्या हाती पोट द्यावे.

शेवटी घरच्यांसाठी एक शब्द. शस्त्रक्रिया विकरांचा आणि संप्रेरकांचा कारभार बदलते, पण शरीर जुन्या वजनाकडे ओढ घेतच राहते. तो सामना जन्मभराचा असतो. प्रसेनजिताला रोज जेवताना आठवण देणारा सुदर्शन मिळाला होता. आपल्या घरातल्या माणसाला टोमणा मारणारा नको, सुदर्शन हवा. संध्याकाळी सोबत दोन किलोमीटर चालणारा, गोळीची वेळ सांगणारा, ताटात आधी डाळ-अंडे वाढणारा. आणि बसथांब्यावर कुणी हसले, तर त्याला थांबवणारा.